पडद्यावरील प्रतिमा आणि तिच्यावरील खुणा : साधनाची निवड

५.१ प्रास्ताविक

हस्तलिखित पोथी तयार करताना लेखनिकाच्या हातून चूक झाली, तर त्या अक्षरांवर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप दिला जात असे. ‘एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्या व्यवहारातून मराठीत आला आहे. पानाच्या कडेने सोडलेल्या कोऱ्या जागेत, म्हणजे समासात, राहून गेलेली अक्षरे, कठीण शब्दांचे अर्थ, क्वचित पाठभेदही लिहिले जात. मूळ मजकूर, त्यावरील खुणा आणि जे दिसू नये ते झाकणे अशी तीन कामे एकाच पानावर होत. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर बाण, चौकटी आणि टिपणे घालताना तुम्ही हीच तीन कामे करत असता. फरक इतकाच, की आपण काय झाकले आणि ते खरोखर झाकले गेले का, हे पोथीच्या पानावर डोळ्यांनी पाहता येत असे. संगणकावर ते नुसत्या डोळ्यांनी कळतेच असे नाही.

दूरशिक्षणात शिक्षक तुमच्या शेजारी उभे नसतात. परीक्षा अर्जातील रकाना भरला जात नाही, स्वाध्याय अपलोड होत नाही, शब्दकोशातील नोंदीचा अर्थ लागत नाही, अशा वेळी ‘हे पाहा, इथे अडले आहे’ असे दाखवण्याचा तुमच्यापाशी असलेला मार्ग म्हणजे स्क्रीनशॉट. तो नीट घेतला, तर दहा संदेशांचे काम एका चित्राने होते. निष्काळजीपणाने घेतला, तर काय होते याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. शुल्काचे पैसे खात्यातून वजा झाले, पण पावती मिळाली नाही, म्हणून एका विद्यार्थिनीने बँकेच्या पानाचा स्क्रीनशॉट अभ्यासगटात पाठवला. खाते क्रमांकावर तिने काळ्या रंगाचा जाड फराटा ओढला होता. तो फराटा मात्र हायलायटरचा, म्हणजे अर्धपारदर्शक होता. गटातील एका विद्यार्थ्याने चित्राची उजळता वाढवून पाहिली, तर सर्व आकडे स्पष्ट दिसू लागले. त्याने तिला एकटीला कळवले, हा त्याचा भलेपणा. तिने चित्र लगेच काढून टाकले, पण तोवर ते शंभराहून अधिक भ्रमणध्वनींवर उतरले होते.

म्हणून कोणत्या संगणकावर कोणते साधन निवडावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. या घटकात विंडोज, मॅक आणि लिनक्स या तीन कार्यप्रणालींवरील साधनांची ओळख करून घेऊ. त्यानंतर झाकण्याच्या प्रश्नाकडे आणि मराठी भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष भेडसावणाऱ्या देवनागरीच्या प्रश्नाकडे वळू.

५.२ निवडीआधी

साधनांची नावे पाठ करण्याआधी आपल्याला काय करायचे आहे, हे स्वतःला विचारावे. स्क्रीनशॉटचे काम मुख्यतः तीन प्रकारचे असते. एक, अडचण दाखवणे : येथे एक बाण किंवा एक चौकट पुरते. दोन, कृती शिकवणे : ‘आधी येथे क्लिक करा, मग तेथे’ असे सांगताना क्रमांकाचे ठसे लागतात, आणि ते आपोआप १, २, ३ असे वाढत गेले तर बराच वेळ वाचतो. तीन, मजकुराचे विवेचन करणे : कवितेच्या छापील पानावर, कोशातील नोंदीवर किंवा जुन्या मासिकाच्या डिजिटल प्रतीवर टिपणे लिहिणे. मराठीच्या विद्यार्थ्याला या तिसऱ्या कामाची सर्वाधिक गरज असते आणि बहुतेक साधने नेमकी याच कामासाठी घडवलेली नसतात, हे लक्षात ठेवावे.

एक सर्वसाधारण सल्ला आधीच देऊन ठेवतो. कार्यप्रणालीबरोबर जे साधन विनामूल्य मिळते, तेथूनच सुरुवात करावी. ते अपुरे पडते असा अनुभव एकाच कामात तीनचार वेळा आला, तरच दुसरे शोधावे. अनेक जण याच्या उलट करतात : पाच साधने उतरवून घेतात आणि एकाच्याही कळा हाताला बसत नाहीत.

५.३ विंडोज

विंडोज संगणकाच्या कळफलकावरील प्रिंट स्क्रीन ही कळ दाबली, की संपूर्ण पडद्याची प्रतिमा क्लिपबोर्डवर जाते, ही परंपरागत रीत. तिच्याबरोबर आल्ट कळ दाबली, तर फक्त चालू खिडकीची प्रतिमा मिळते. विंडोज कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबल्यास प्रतिमा थेट ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये साठवली जाते. पडद्याचा हवा तेवढाच भाग घेण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबाव्यात. नव्याने घेतलेल्या विंडोज ११ संगणकावर नुसती प्रिंट स्क्रीन दाबली तरी हीच निवडचौकट उघडते. ते नको असेल, तर सेटिंग्जमधून बदलता येते.

या निवडचौकटीमागील साधनाचे नाव स्निपिंग टूल. विंडोज व्हिस्टापासून ते कार्यप्रणालीचा भाग आहे. २०१८मध्ये विंडोज १०मध्ये त्याच्या जोडीला स्निप अँड स्केच नावाचे दुसरे साधन आले आणि काही काळ कोणते वापरावे याचा गोंधळ उडाला. २०२१मध्ये विंडोज ११ आली, तेव्हा दोन्ही एकत्र करून स्निपिंग टूल हे जुनेच नाव ठेवण्यात आले. त्यात लेखणी, हायलायटर, कातरण्याची सोय, आणि काही सेकंद थांबून चित्र घेण्याची सोय आहे. ही थांबण्याची सोय फार उपयोगी. माउस हलवताच मिटणारी यादी पडद्यावर उघडून ठेवायची असेल, तर तिच्यावाचून इलाज नसतो. बाण आणि चौकटी यांसारख्या आकृत्या मात्र या साधनात अलीकडे, २०२४च्या सुमारास आल्या. टंकलिखित मजकूर घालण्याची सोय तर त्यात दीर्घ काळ नव्हती. तुमच्या आवृत्तीत ती नसेल, तर प्रतिमा पेंट या साध्या चित्रसाधनात चिकटवून तेथे मजकूर लिहावा. हा मार्ग ओबडधोबड वाटतो, पण भरवशाचा आहे.

क्रमांकाचे ठसे, लांबलचक पान सरकवत घेतलेला एकसंध स्क्रीनशॉट, ठरावीक पद्धतीने फाइलला नाव देणे अशा गरजा असतील, तर शेअरएक्स हे मुक्तस्रोत साधन घ्यावे. ते फक्त विंडोजवर चालते आणि विनामूल्य आहे. त्याची क्षमता प्रचंड आहे, आणि तीच त्याची अडचणही आहे, कारण पहिल्यांदा उघडणाऱ्याला पर्यायांच्या गर्दीत आपला पर्याय सापडत नाही. शिवाय चित्र घेतल्यावर ते महाजालावरील एखाद्या संकेतस्थळावर आपोआप पाठवण्याची व्यवस्थाही त्यात आहे. म्हणून वापर सुरू करण्याआधी ‘चित्र घेतल्यानंतर काय करावे’ ही त्यातील यादी उघडावी आणि अपलोड करण्याचा पर्याय बंद आहे याची खात्री करावी. याहून सुटसुटीत साधन हवे असेल, तर ग्रीनशॉट पाहावे. तेही मुक्तस्रोत असून विंडोजवर विनामूल्य आहे. स्वाध्यायासाठी बहुतेकांना तेवढे पुरेसे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. टेकस्मिथ कंपनीचे स्नॅगइट हे या क्षेत्रातील जुने आणि कसदार नाव आहे. ते १९९०पासून बाजारात आहे आणि विंडोज व मॅक दोहोंवर चालते. पण ते सशुल्क आहे. ज्यांचा व्यवसायच सूचनापुस्तिका लिहिण्याचा आहे, त्यांनी त्यावर खर्च करावा. विद्यार्थ्याने तो करण्याचे कारण नाही.

५.४ मॅक

मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३ दाबल्यास संपूर्ण पडदा, तर कमांड, शिफ्ट आणि ४ दाबल्यास निवडलेला भाग मिळतो. ४ दाबल्यानंतर स्पेसबार दाबला, की एखादी खिडकी तिच्या सावलीसह उचलता येते. २०१८मध्ये आलेल्या मोहावे या आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ दाबताच एक पट्टी उघडते आणि तिच्यात हे सर्व पर्याय एकत्र सापडतात. प्रतिमा पीएनजी स्वरूपात डेस्कटॉपवर साठते. डेस्कटॉपवर चित्रांचा पसारा नको असेल, तर नियंत्रण कळ जोडीला दाबावी, म्हणजे प्रतिमा केवळ क्लिपबोर्डवर जाते.

चित्र घेताच कोपऱ्यात त्याची लहान प्रतिमा काही क्षण तरंगते. तिच्यावर क्लिक केले, की खुणा घालण्याची साधने समोर येतात : लेखणी, आकृत्या, बाण, मजकूर आणि चित्राचा एखादा भाग मोठा करून दाखवणारे भिंग. हे भिंग मराठीच्या विद्यार्थ्यासाठी विशेष मोलाचे आहे. जुन्या छापील पानातील एखादे जोडाक्षर किंवा अस्पष्ट अनुस्वार वाचकाच्या डोळ्यांसमोर आणायचा असेल, तर याहून चांगली सोय क्वचितच मिळते. नाही ती एकच गोष्ट : चित्रातील मजकूर धूसर करण्याची सोय. ती नसण्याने फारसे बिघडत नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

बाहेरचे साधन घेतले, तर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅक त्याला पडदा पाहू देण्याआधी तुमची परवानगी मागतो. ती दिली नाही, तर चित्रात इतर खिडक्यांतील मजकुराऐवजी केवळ डेस्कटॉपची पार्श्वभूमी दिसते. साधन बिघडले असे समजून अनेक जण ते काढून टाकतात. परवानगी गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये द्यायची असते.

मॅकच्या संदर्भात स्किच या साधनाची हकिकत सांगण्याजोगी आहे. ठसठशीत गुलाबी बाणांमुळे ते लोकप्रिय झाले होते. २०११मध्ये एव्हरनोट कंपनीने ते विकत घेतले, आणि २०१६मध्ये विंडोज व भ्रमणध्वनींवरील त्याच्या आवृत्त्या बंद करून केवळ मॅकवरील आवृत्ती ठेवली. ज्यांनी सर्व कामाची घडी त्यावर बसवली होती, त्यांना नवे साधन शोधावे लागले. साधन निवडताना त्यामागे कोण आहे आणि आपली चित्रे साध्या पीएनजी फाइलींच्या रूपात आपल्याच संगणकावर राहतात का, हे यासाठी पाहायचे.

५.५ लिनक्स

लिनक्सवर निवड करणे कठीण जाते. त्याचे कारण साधनांचा अभाव हे नसून पडद्यामागील व्यवस्थेत झालेला बदल हे आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

लिनक्सवर खिडक्या रेखाटण्याचे काम अनेक दशके एक्स११ ही व्यवस्था करत आली. तिचा जन्म १९८७चा. एकाच पडद्यावर चालणाऱ्या सर्व कार्यक्रमांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा, असे तिचे गृहीतक होते. त्यामुळे कोणताही कार्यक्रम न विचारता संपूर्ण पडद्याची प्रतिमा घेऊ शकतो. जुनी स्क्रीनशॉट साधने या मोकळिकीवर उभी होती. पण तीच मोकळीक एखाद्या हेरगिरी करणाऱ्या कार्यक्रमालाही मिळते. २००८मध्ये वेलँड या नव्या व्यवस्थेचे काम सुरू झाले, ते वेगळ्या तत्त्वावर. तिच्यात प्रत्येक कार्यक्रमाला केवळ स्वतःची खिडकी दिसते. पडदा पाहायचा असेल, तर कार्यप्रणालीतील मध्यस्थाकडे मागणी करावी लागते आणि तो वापरकर्त्याला विचारतो. उबुंटूने २०२१पासून वेलँड ही नेहमीची व्यवस्था केली. फेडोराने ते त्याच्याही आधी, २०१६मध्ये केले होते.

याचा परिणाम असा, की एखाद्या जुन्या लेखात वाखाणलेले साधन तुमच्या संगणकावर काळे चित्र देते, किंवा काहीच देत नाही. शटर या एकेकाळच्या लाडक्या साधनाची अवस्था अशी झाली, कारण ते एक्स११वर बेतलेले आहे. तेव्हा लिनक्सवर साधन निवडण्याआधी आपण कोणत्या व्यवस्थेवर आहोत, हे सेटिंग्जमधील प्रणालीच्या माहितीत पाहून घ्यावे.

तुमचा डेस्कटॉप केडीई असेल, तर प्रश्न सुटलाच. त्याचे स्पेक्टॅकल हे साधन चित्र घेते, बाण आणि मजकूर घालू देते, वाढत्या क्रमांकाचे ठसेही देते. तिन्ही कार्यप्रणालींबरोबर फुकट मिळणाऱ्या साधनांत ते सर्वांत परिपूर्ण आहे असे म्हणण्यास हरकत नाही. नोम डेस्कटॉपवर २०२२पासून प्रिंट कळ दाबताच सुबक निवडचौकट उघडते, पण तिच्यात खुणा घालण्याची सोय नाही. त्यासाठी चित्र साठवून ते केस्निपमध्ये उघडावे. फ्लेमशॉट हे साधन निवडलेल्या भागावर तेथल्या तेथे खुणा घालू देते आणि हाताला फार चटकन बसते. मात्र वेलँडवर, विशेषतः दोन पडदे जोडलेले असताना, ते अडखळते असा अनुभव अनेकांना आलेला आहे. केस्निप आणि फ्लेमशॉट ही दोन्ही साधने मुक्तस्रोत असून विंडोज आणि मॅकवरही मिळतात. घरी एक आणि कार्यालयात दुसरी कार्यप्रणाली वापरणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी एकाचा विचार अवश्य करावा.

संपूर्ण वेबपान, म्हणजे पडद्याच्या खाली सरकलेल्या भागासह, हवे असेल, तर कोणत्याही कार्यप्रणालीवर फायरफॉक्स ब्राउझर ते करू शकतो. पानावर उजवे क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’ हा पर्याय निवडावा. मराठी विश्वकोशातील एखादी दीर्घ नोंद एका चित्रात घेण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज नाही.

५.६ झाकलेले खरोखर झाकले आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हरताळाचा लेप पोथीच्या पानावरून कालांतराने झडला, तर खालचे अक्षर पुन्हा डोकावते. स्क्रीनशॉटमध्ये हे चार प्रकारे घडते.

पहिला प्रकार अर्धपारदर्शक रंगाचा, त्याचे उदाहरण आपण पाहिलेच. दुसरा प्रकार धूसर करण्याचा किंवा मोठ्या चौकोनांत मोडण्याचा. पाहणाऱ्याला वाटते, की अक्षर नष्ट झाले. प्रत्यक्षात प्रत्येक चौकोनाचा रंग हा खालील मूळ बिंदूंच्या रंगांची सरासरी असतो, आणि ही सरासरी मूळ अक्षरावरच अवलंबून असते. मग संभाव्य अक्षरे एकेक घेऊन, ती तशाच पद्धतीने चौकोनांत मोडून, कोणत्या अक्षराशी चित्र जुळते हे संगणकाला तपासता येते. २०२० आणि २०२२मध्ये अनुक्रमे डीपिक्स आणि अनरिडॅक्टर या नावांनी असे कार्यक्रम जाहीरपणे प्रसिद्ध झाले. आकडे तर दहाच असतात, त्यामुळे खाते क्रमांकाच्या बाबतीत हे काम अधिकच सोपे होते. म्हणून मॅकच्या साधनात धूसर करण्याची सोय नाही, याची खंत बाळगू नये. ज्या साधनांत ती आहे, त्यांतही तिचा उपयोग पार्श्वभूमी सौम्य करण्यापुरता करावा. गोपनीय मजकुरासाठी पूर्ण अपारदर्शक, भरीव रंगाची चौकट वापरावी.

तिसरा प्रकार अधिक चकवणारा आहे, कारण त्यात वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. मार्च २०२३मध्ये असे उघडकीस आले, की गूगलच्या पिक्सेल भ्रमणध्वनींवरील आणि विंडोजवरील स्क्रीनशॉट साधनांत एक दोष होता. कातरलेले चित्र मूळ फाइलवरच साठवले, तर नवे लहान चित्र फाइलच्या आरंभी लिहिले जाई, पण फाइलची उरलेली जुनी शेपटी कापली जात नसे. चित्र उघडल्यावर कातरलेला भागच दिसे. शेपटीत मात्र मूळ चित्राचा बराचसा अंश शिल्लक राही आणि तो पुन्हा उभा करता येई. विंडोज ११चे स्निपिंग टूल आणि विंडोज १०चे स्निप अँड स्केच ही दोन्ही साधने या दोषाच्या कक्षेत होती. दोष त्याच महिन्यात दुरुस्त झाला. तरी त्याआधी कातरून पाठवलेली चित्रे ज्यांच्याकडे गेली, त्यांच्याकडे ती तशीच आहेत. यातून दोन सवयी लावून घ्याव्यात : साधन अद्ययावत ठेवावे आणि कातरलेले चित्र नेहमी नव्या नावाने साठवावे.

चौथा प्रकार स्वाध्याय लिहिताना सर्वाधिक घडतो. तुम्ही स्क्रीनशॉट वर्डच्या दस्तऐवजात चिकटवता आणि तेथेच कातरता. वर्ड कातरलेला भाग काढून टाकत नाही, केवळ दाखवत नाही. फाइल मिळालेली व्यक्ती कातरण्याची चौकट ओढून तो भाग परत पाहू शकते. तो खरोखर काढायचा असेल, तर चित्रे संक्षिप्त करण्याच्या पर्यायात जाऊन ‘कातरलेले भाग पुसून टाका’ या अर्थाची खूण करावी लागते. त्याहून सोपे म्हणजे आधी चित्र कातरावे, मग चिकटवावे. पीडीएफचेही तसेच आहे. तिच्यातील मजकुरावर काळी चौकट ठेवली, तरी खालचा मजकूर निवडून त्याची नक्कल करता येते. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये बिग सर आवृत्तीपासून पीडीएफमधील मजकूर कायमचा काढून टाकण्याचे वेगळे साधन आहे. ज्यांच्यापाशी ते नाही, त्यांनी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यावर भरीव चौकट घालावी आणि तो पीएनजी म्हणून पाठवावा. चित्रात शेवटी केवळ रंगीत बिंदू उरतात, चौकटीखाली काहीच राहत नाही.

जाता जाता आणखी एक. विंडोज ११चे स्निपिंग टूल न झाकलेले मूळ चित्रही ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये आपोआप साठवते. सायबर कॅफेतील किंवा कार्यालयातील सामायिक संगणकावर काम करत असाल, तर उठण्याआधी तो फोल्डर रिकामा करावा.

५.७ देवनागरीची कसोटी

कोणत्याही साधनाच्या परिचयात न सापडणारी गोष्ट म्हणजे ते मराठी कसे लिहिते. बहुतेक साधने इंग्रजी लेखन गृहीत धरून तपासलेली असतात. देवनागरीत कळफलकावरून आलेली अक्षरे जशीच्या तशी ओळीने मांडून भागत नाही. त्यांची जोडाक्षरे घडवावी लागतात, ऱ्हस्व इकार व्यंजनाआधी आणावा लागतो, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो. हे करणारी यंत्रणा साधनात नसेल, तर ‘स्थिती’ या शब्दातील हलन्त चिन्हे सुटी दिसतात आणि वेलांटी भलतीकडे पडते.

म्हणून नवे साधन घेतल्यावर त्याच्या मजकुराच्या चौकटीत एक वाक्य लिहून पाहावे : ‘आचाऱ्याने दऱ्याखोऱ्यांतील वाङ्मय आचार्यांना दाखवले.’ स्वयंपाक करणारा तो आचारी आणि विद्या देणारा तो आचार्य. त्यांच्या सामान्यरूपांतील भेद मराठीत केवळ रफार आणि अर्ध्या ‘र’ची आडवी खूण यांवर टिकून आहे. ज्या साधनात दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, ते मराठीच्या कामाला निरुपयोगी समजावे. कधी दोष साधनाचा नसून निवडलेल्या टंकाचा असतो. तेव्हा टंक बदलून पुन्हा पाहावे. तरीही जमले नाही, तर मजकूर वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये लिहावा आणि चित्रावर केवळ क्रमांक घालून प्रत्येक क्रमांकाचे टिपण चित्राखाली द्यावे. खरे पाहता दीर्घ टिपणांसाठी हीच पद्धत अधिक चांगली. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला तो ऐकूही येत नाही.

देवनागरीचा प्रश्न फाइलच्या स्वरूपाशीही जोडलेला आहे. जेपीईजी हे स्वरूप छायाचित्रांसाठी घडवलेले आहे. आकार कमी करताना ते डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे सोडून देते. छायाचित्रात ते खपते. मजकुरात मात्र अक्षरांच्या कडांभोवती धुरकट डाग उमटतात आणि सर्वांत आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांतील एकवचन-अनेकवचनाचा भेद एका ठिपक्यावर अवलंबून असलेल्या भाषेत हे परवडणारे नाही. पीएनजी कोणताही बिंदू गाळत नाही, म्हणून मजकुराचा स्क्रीनशॉट त्याच स्वरूपात साठवावा. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवल्यास ते संक्षिप्त केले जाते. तेथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते.

५.८ दुसऱ्याचा मजकूर

विवेचनासाठी घेतलेला स्क्रीनशॉट हा अवतरणाचाच प्रकार आहे. १९५७च्या भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ अभ्यास, संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी साहित्याचा उचित वापर करू देते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. १८५७ची मोल्सवर्थ कोशाची आवृत्ती यांतून केव्हाच मुक्त झालेली आहे, तिचे पान निःसंकोच घ्यावे. हयात कवीचा अख्खा संग्रह पानापानाने टिपून गटात वाटणे मात्र उचित वापरात बसत नाही. चित्राखाली ग्रंथाचे नाव, आवृत्ती, पृष्ठ आणि संकेतस्थळावरून घेतले असल्यास ते पाहिल्याचा दिनांक लिहावा. पान उद्या बदलू शकते आणि मग चित्र घेतल्याचा दिनांक हाच आधार उरतो.

कृती

मोल्सवर्थच्या कोशाची डिजिटल प्रत महाजालावर उपलब्ध आहे. तिच्यातील ‘हरताळ’ या शब्दाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. तुमच्या संगणकावर आधीपासून असलेल्या साधनानेच तीन ठिकाणी क्रमांक घाला आणि प्रत्येकाचे टिपण चित्राखाली मराठीत लिहा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तुमचे नाव किंवा इतर उघडी पाने दिसत असतील, तर तो भाग कातरा आणि चित्र नव्या नावाने साठवा. मग ते एखाद्या सहाध्यायीला पाठवा आणि त्यात तुमच्याविषयी काय काय कळते, ते शोधून काढण्यास सांगा.